दहावीला टेक्निकल, पुढे आयटीआय फिटर

मे-जून आला की नाशिकच्या आमच्या सिडकोतल्या गल्लीत दहावीच्या पोरांचे आईवडील एकेक करून घरी येतात आणि विचारतात, "आयटीआयचं कसं असतं गं?" बहुतेक घरांत क्रम आधीच ठरलेला असतो. आधी अकरावी सायन्स, ते नाही जमलं तर डिप्लोमा, आणि काहीच नाही जमलं तर आयटीआय. मी आयटीआय पहिल्या पसंतीने घेतलं, म्हणून मला विचारतात. दारात उभ्याउभ्या पाच मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझी सुरुवात आयटीआयच्या आधी, आठवीत झाली. आमच्या शाळेला टेक्निकलचा विभाग होता. आठवीत जाताना विचारलं जायचं, टेक्निकल घेणार का? घेतलं की आठवड्यातले काही तास वर्ग सोडून वर्कशॉपमध्ये जायचं. सुतारकाम, फिटिंग, थोडं विजेचं काम आणि भरपूर ड्रॉइंग. आमचे टेक्निकलचे सर निवृत्तीला आलेले होते. ते सांगायचे की १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा काढा, त्यात तांत्रिक शाखा ठेवा असं सांगितलं होतं. पुढे कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ च्या काळात कार्यानुभवाचा आग्रह धरला. आणि आता २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सहावीपासून व्यवसाय शिक्षणाचा परिचय द्या असंच म्हटलं आहे. म्हणजे सत्तर वर्षं सरकार हेच सांगतंय की हाताने काम करायला शाळेत शिकवा. पण आमच्याच शाळेत टेक्निकल घेणारी मुलं दरवर्षी कमी होत चालली होती, कारण "त्यात वेळ जातो, सायन्सचे क्लास बुडतात." सरांना याचं मनापासून वाईट वाटायचं. मला आज सरांपेक्षा जास्त वाटतं. त्या वर्कशॉपमध्ये तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात रंधा आणि कानस मिळत होती, आणि त्यासाठी घरून वेगळे पैसे द्यावे लागत नव्हते.

दहावीला तंत्र विषय असला तर आयटीआयला आणि पॉलिटेक्निकला अशा मुलांसाठी काही जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात. हे आमच्या वर्गातल्या अर्ध्याअधिक मुलांना निकाल लागेपर्यंत माहीत नव्हतं. मला सरांनी आठवीतच सांगून ठेवलं होतं.

बाबा अंबडला प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर आहेत. २०२२ साली माझी दहावी झाली तेव्हा घरी चर्चा झाली ती सायन्स की आयटीआय अशी नव्हती, कोणता ट्रेड, म्हणजे कोणतं काम शिकायचं, अशी होती. आत्या म्हणाली, "मुलींची वेगळी आयटीआय आहे ना, तिथे शिवणाचं नाहीतर कॉम्प्युटरचं घे." तिचं म्हणणं वाईट नव्हतं, माझ्या दोन मैत्रिणी तिथे आनंदाने शिकल्या. पण माझा हात फिटिंगला बसलेला होता. बाबा म्हणाले, "फिटर घे. कंपनीत कोणतंही मशीन बंद पडलं की पहिला शोधतात तो फिटर." नाशिकला हे खोटं नाही. सातपूर आणि अंबडची एमआयडीसी, ओझरचं विमानं बनवणारं एचएएल, सिन्नर, गोंदे. मायको म्हणजे आजची बॉश साठच्या दशकाच्या शेवटी सातपूरला आली, महिंद्रा त्यानंतर आली, आणि त्यांच्या भोवती शेकडो लहान वर्कशॉप उभी राहिली. सातपूरची शासकीय आयटीआय या सगळ्याच्या मधोमध, त्र्यंबक रोडवर आहे. तिथल्या सिग्नललाच आयटीआय सिग्नल म्हणतात.

आता प्रवेशाची गोष्ट, कारण मुलं अडकतात ती इथेच.

सगळी प्रक्रिया ऑनलाइन आहे आणि राज्यभर एकच आहे. महाराष्ट्रात चारशेहून जास्त सरकारी आयटीआय आहेत. त्या सगळ्यांसाठी व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर एकच अर्ज. अर्ज भरला म्हणजे झालं असं समजून मुलं घरी बसतात. तसं नाही. भरलेला अर्ज घेऊन मूळ कागदपत्रांसह आयटीआयमध्ये जाऊन तो निश्चित करून घ्यावा लागतो. निश्चिती झाली नाही तर गुणवत्ता यादीत नाव येत नाही. निश्चिती झाल्यावर विकल्प भरायचे. एक विकल्प म्हणजे संस्था अधिक ट्रेड. सातपूर फिटर हा एक विकल्प, सातपूर टर्नर हा दुसरा, सिन्नर फिटर हा तिसरा. असे कितीतरी भरता येतात आणि त्यांचा क्रम आपण लावायचा. मग प्राथमिक गुणवत्ता यादी, तीवर हरकती, अंतिम यादी, आणि एकामागून एक प्रवेश फेऱ्या. शेवटी उरलेल्या जागांसाठी समुपदेशन फेरी.

क्रम लावण्याला किती महत्त्व आहे हे मी प्रत्येक आईवडिलांना सांगते. पहिल्या क्रमांकावर जे लिहिलंय तेच मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने सायबर कॅफेवाल्याने सांगितलं म्हणून पहिल्या क्रमांकावर "मिळेल असा" ट्रेड टाकला, मनातला ट्रेड तिसऱ्यावर. त्याला पहिलाच मिळाला. त्याच्या गुणांवर तिसराही मिळाला असता. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच लिहावं जे खरोखर हवं आहे, मिळण्याची शक्यता कितीही कमी वाटली तरी. इलेक्ट्रिशियनला नाशिकला गर्दी फार, यादी जास्त गुणांवरच बंद होते. फिटरलाही मागणी असते. वेल्डर, प्लंबर यांसारख्या काही ट्रेडना दहावी नापासही चालतं, पण म्हणून ते कमी दर्जाचे नाहीत. चांगल्या वेल्डरला आज नाशिकमध्ये कामाची वाट बघावी लागत नाही.

कागदपत्रांत माझं घोडं आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन क्रीमी लेअरच्या दाखल्यावर अडलं. जुन्याची मुदत ३१ मार्चला संपली होती आणि नवीन काढायला दिलं होतं. सेवा केंद्रावरच्या माणसाने "आधीचं चालतं, पुढे बघू" म्हणून आईला दोनदा परत पाठवलं. चालत नव्हतं. त्यात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आईच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, आधारवर वेगळं. आईने घरकाम सांभाळून तहसीलच्या चकरा मारल्या, शाळेतून दुरुस्ती करून आणली. निश्चितीच्या टेबलवरच्या मॅडमनी मात्र शांतपणे सगळं तपासलं. दहावीला तंत्र विषय आहे हे गुणपत्रिकेवर पाहिल्यावर स्वतःहून म्हणाल्या, "हा रकाना भरलाय ना? भर, तुझ्या कामाचा आहे." असं एक माणूस टेबलवर असलं की मुलाचं वर्ष वाचतं.

प्रत्येक ट्रेडला तीस टक्के जागा मुलींसाठी असतात. फिटरच्या तुकडीत वीस जण घेतात. आमच्या तुकडीत मुली अगदी थोड्या होत्या. पहिल्या फेरीत माझं नाव लागलं, सातपूर, फिटर, पहिला विकल्प. खासगी संस्थांची फी ऐकली होती, तिच्यापुढे सरकारी फी काहीच नव्हती.

वर्ग सुरू झाले. सिडकोतून सिटीलिंक बसने पपया नर्सरीच्या बाजूने सातपूरला यायचे. पहिल्या आठवड्यात निदेशकांनी सुरक्षितता शिकवली, मग प्रत्येकाला एक व्हाइस, म्हणजे तुकडा घट्ट धरणारा शिकंजा, दिली आणि माइल्ड स्टीलचा एक तुकडा दिला. सांगितलं, याची एक बाजू सपाट करा.

एवढंच काम. टेक्निकलमध्ये कानस चालवलेली होती, त्यामुळे मला वाटलं आपल्याला येतं. पण इथे काम तपासायची पद्धत वेगळी होती. सर आले, काटकोन तपासायच्या ट्राय स्क्वेअरची पाती माझ्या बाजूवर टेकवली आणि जॉब, म्हणजे तो तुकडा, खिडकीच्या उजेडासमोर धरला. मधे काळोख, दोन्ही कडांना उजेडाची बारीक फट. म्हणजे बाजू मधे उंच आणि कडांना उतरती झालेली. "कानस पुढे गेली की पुढचा हात दाबतोय, मागे आली की मागचा. झोपाळा चाललाय तुझा," सर म्हणाले. मग त्यांनी माझे पाय बाजूला सरकवून नीट ठेवायला लावले, व्हाइसची उंची कोपराशी जुळवली आणि सांगितलं, हात हलवू नकोस, खांद्यापासून सगळं अंग पुढे जाऊ दे. कानस पुढे जाताना कापते, मागे आणताना दाब सोडायचा. हे सांगायला सोपं आहे. अंगवळणी पडायला मला बरेच आठवडे लागले. तळहाताला अंगठ्याखाली फोड आले, फुटले, मग तिथली कातडी जाड झाली. कानसेच्या दातांत अडकलेले किस फाईल कार्डने, म्हणजे तारेच्या ब्रशने काढायचे, नाहीतर तोच किस जॉबवर ओरखडा पाडतो. शेवटचे हात मारताना कानसेला खडू चोळायचा.

बाजू डोळ्याला सपाट दिसायला लागली की अगदी सपाट अशा सरफेस प्लेटवर प्रशियन ब्लू या निळ्या रंगाचा पातळ थर लावून त्यावर जॉब फिरवायचा. उंच असलेल्या ठिकाणी निळा डाग बसतो. तेवढेच डाग कानसेने घ्यायचे आणि पुन्हा फिरवायचा. सुरुवातीला दोन-तीन मोठे डाग दिसतात. काम बरोबर चाललं असेल तर डाग लहान आणि जास्त होत जातात आणि शेवटी सगळ्या बाजूवर ठिपके पसरतात. ज्या दिवशी माझे ठिपके पसरले त्या दिवशी सर काही बोलले नाहीत, फक्त जॉबवर तारीख कोरायला सांगितली. तो तुकडा माझ्याकडे अजून आहे.

पुढे हॅक्सॉ, मार्किंग, ड्रिलिंग आणि टॅपिंग, म्हणजे भोकात आटे पाडणं. एम १० चं टॅप मारायचं तर ड्रिल साडेआठचं, कारण दीडची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दहातून वजा करायची. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे किस तुटतो. घाई केली की टॅप आत मोडतं आणि जॉब गेला. आमच्या तुकडीतला सगळ्यात दांडगा मुलगा टॅप मोडण्यात पहिला होता आणि सगळ्यात किरकोळ अंगाचा मुलगा त्यात सगळ्यात पक्का निघाला. जोर लागतो म्हणून हा ट्रेड मुलींना जमत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हे सांगते. मग आलं मेल-फीमेल फिटिंग. एका तुकड्याला चौकोनी खाच, दुसऱ्याला तसाच दांडा, दोन्ही एकमेकांत बसले पाहिजेत, चारी बाजूंनी फिरवून बसले पाहिजेत, आणि मापातली चूक शून्य पूर्णांक शून्य चार मिलिमीटरच्या आत. आपला केस साधारण त्याच्या दुपटीइतका जाड असतो. आणि हे सगळं हाताने, कानसेने. संगणकावर चालणारी सीएनसी मशीन असताना हे कशाला, असं एकदा एका मुलाने विचारलं. सर म्हणाले, "मशीन चुकलं की नाही हे तुझ्या बोटाला कळलं पाहिजे, म्हणून." कंपनीत गेल्यावर त्याचा अर्थ समजला.

वर्कशॉपइतकीच वर्गातही मेहनत असते, हे लोकांना वाटत नाही. ट्रेड थिअरी, वर्कशॉप कॅलक्युलेशन, इंजिनिअरिंग ड्रॉइंग, एम्प्लॉयबिलिटी स्किल्स. ऐंशी टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. दुसऱ्या वर्षी बेअरिंग, गिअर, मशीनची देखभाल, न्यूमॅटिक्स आणि हायड्रॉलिक्स. परीक्षा वार्षिक, थिअरी संगणकावर आणि प्रॅक्टिकल वर्कशॉपमध्ये. प्रॅक्टिकलला साठ टक्के लागतात, त्यामुळे पाठांतरावर कुणी सुटत नाही. हे मला या शिक्षणाचं सगळ्यात प्रामाणिक अंग वाटतं.

आम्ही दुसऱ्या वर्षात जात होतो त्याच सुमारास, २०२३ मध्ये, राज्य सरकारने विद्यावेतन महिना चाळीस रुपयांवरून पाचशे केलं. कित्येक दशकं ते चाळीसवरच होतं. माझ्याबरोबर त्र्यंबकच्या पुढच्या एका पाड्यावरून येणारी मुलगी होती. तिच्यासाठी पाचशे म्हणजे बसचा प्रश्न सुटणं होतं. तिने ट्रेड पूर्ण केला.

एक गोष्ट मात्र मनात आहे ती सांगते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने पीएम-सेतू नावाची योजना आणली. साठ हजार कोटींची तरतूद, देशभरातल्या एक हजार सरकारी आयटीआयचं आधुनिकीकरण. मशीन येतील, यायलाच हवीत. पण माझा हात ज्याने सरळ केला तो माणूस होता. व्हाइससमोर उभं राहून एकेका मुलाचे पाय सरकवणारा निदेशक. राज्यात जिथे जिथे निदेशकांच्या जागा रिकाम्या आहेत तिथे नवं मशीन कव्हर घालून उभं राहील. पैसा वाटताना आधी माणसं भरा, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

निकाल लागला, राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र हातात आलं. इथे बरेच जण थांबतात आणि मिळेल त्या कंत्राटी कामाला लागतात. त्याआधी एक वर्ष अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत शिकाऊ उमेदवारी, करावी. अप्रेंटिसशिपचा कायदा १९६१ चा आहे. ठरावीक मनुष्यबळ असलेल्या कंपन्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. विद्यावेतन मिळतं, त्यातला काही हिस्सा, पंधराशे रुपयांपर्यंत, केंद्र सरकार भरतं आणि तो आता थेट आपल्या खात्यात येतो. वर्षाअखेरीस परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. एचएएल, रेल्वे, ऑर्डनन्स फॅक्टरी अशा ठिकाणी पुढे अर्ज करताना या कागदाचं वजन पडतं.

अप्रेंटिसशिपच्या भरती मेळाव्यात मी मुलाखती दिल्या. एका कंपनीच्या माणसाने माझी गुणपत्रिका पाहिली, मान हलवली आणि म्हणाला, "मुलींना सेकंड शिफ्ट देता येत नाही, त्यामुळे मेंटेनन्सला घेत नाही." मी म्हटलं, फर्स्ट आणि जनरलला घ्या. तो म्हणाला, "एकीसाठी रोस्टर कोण बदलणार." माझ्या मागे उभ्या असलेल्या, माझ्यापेक्षा कमी गुणांच्या मुलाला घेतलं. तो चांगला मुलगा आहे, त्याचा राग नाही. राग याचा की सरकार तीस टक्के जागा ठेवून मुलीला फिटर बनवतं आणि गेटवर एक माणूस रोस्टरच्या नावाखाली ते सगळं पुसून टाकतो.

अंबडमधल्या दुसऱ्या एका कंपनीने घेतलं. सुरुवातीला मला पॅकिंगला लावलं. अप्रेंटिसला पॅकिंगला लावणं बरोबर नाही, कारण करारात ट्रेड लिहिलेला असतो. मी तो करार घेऊन मेंटेनन्सच्या इनचार्जकडे गेले आणि म्हटलं, "काका, मला तुमच्याकडे यायचंय, यात फिटर लिहिलंय." त्यांनी कागद वाचला, एचआरला फोन केला आणि दुसऱ्या दिवसापासून मी मेंटेनन्सला गेले. करारनामा वाचून ठेवा आणि मागा, हे मी प्रत्येकाला सांगते.

तिथे पहिलं मोठं काम आलं ते कन्व्हेअरच्या बेअरिंगचं. जुनं पुलरने काढलं. नंबर ६२०५. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतला व्यास, पंचवीस मिलिमीटर. हे आयटीआयत शिकले होते. नवीन बसवायला एक जण हातोडी घेऊन आला. काकांनी त्याला थांबवलं आणि मला विचारलं, "कसं बसवायचं?" मी सांगितलं, इंडक्शन हीटरवर गरम करून, ठोकायचं नाही, आणि शाफ्टवर बर, म्हणजे धातूची उठलेली कडा, आहे का ते आधी बघायचं. शाफ्टवरून बोट फिरवलं तर शाफ्टच्या खांद्याजवळ, म्हणजे जाडी बदलते तिथे, एक बारीक कडा लागली, डोळ्याला दिसत नव्हती. बारीक कानस मागवली, दोन हात मारले, कडा गेली. बेअरिंग गरम करून सरकवलं ते जागेवर जाऊन बसलं. काकांनी हातमोज्याने धरून फिरवून पाहिलं आणि पुढच्या कामाला निघून गेले. त्यानंतर मला कुणी पॅकिंगला बोलावलं नाही.

अप्रेंटिसशिपचं वर्ष संपलं त्याच महिन्यात ओझरच्या एचएएलमधून नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क १ए लढाऊ विमान उडालं. कंपनीच्या कँटीनमध्ये टीव्हीवर सगळे बघत होते. माझ्या बॅचचा एक मुलगा तिथे अप्रेंटिस होता. त्याने रात्री फोन करून तासभर त्याचंच सांगितलं.

आता मी अंबडलाच एका टूल रूममध्ये, म्हणजे डाय आणि साचे बनवणाऱ्या शॉपमध्ये, कामाला आहे. पुढची पायरी डिप्लोमाची. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. बारावीच्या मंडळाचे भाषा विषय देऊन बारावी समकक्षताही मिळवता येते. म्हणजे आठवीतल्या टेक्निकलपासून डिप्लोमापर्यंत आणि तिथून इंजिनिअरिंगच्या पदवीपर्यंत सरकारी खर्चाचा सलग रस्ता आहे. पण शाळा एका विभागाकडे, आयटीआय कौशल्य विकास विभागाकडे, पॉलिटेक्निक तंत्रशिक्षणाकडे. संकेतस्थळं वेगळी, अर्ज वेगळे, वेळापत्रकं वेगळी. माझी तीच दहावीची गुणपत्रिका आणि तोच जातीचा दाखला सरकारने किती टेबलांवर तपासला. पण "याच्या पुढे तुला हे करता येतं" असं सांगायला कुठल्याच टेबलाला नेमून दिलेलं नाही. मला सांगणारे सर होते, निश्चितीच्या टेबलवरच्या मॅडम होत्या, काका होते. ज्यांना असं कुणी भेटत नाही ती मुलं हुशार असूनही मधल्या एखाद्या थांब्यावर उतरतात. माझ्या तुकडीतल्या बऱ्याच जणांना थेट दुसऱ्या वर्षाचं अजूनही माहीत नव्हतं, मी ग्रुपवर टाकलं तेव्हा फोन आले. प्रत्येक आयटीआयच्या शेवटच्या महिन्यात पॉलिटेक्निकचा एक माणूस येऊन तासभर बोलला तरी खूप फरक पडेल.

दिवसाचा डिप्लोमा म्हणजे नोकरी सोडावी लागणार. टूल रूमच्या मालकांनी शनिवारी-रविवारी ये म्हणून सांगितलं आहे, बाकी दिवसांचा पगार जाणार. घरी हे बोलले तेव्हा आई गप्प झाली, हिशोब तिलाच लावायचा असतो. बाबा म्हणाले, "दोन वर्षं मी ओव्हरटाइम घेतो. तू नाव घाल." या वेळी नॉन क्रीमी लेअरचं नूतनीकरण मी एप्रिलमध्येच करून घेतलं. मेकॅनिकल हा पहिला विकल्प, शासकीय तंत्रनिकेतन नाशिक. अर्ज सुरू झाले की कागदांची फाईल घेऊन सामनगाव रोडला जाणार आहे. जाताना आमच्या गल्लीतल्या वेल्डर झालेल्या दोन मुलांनाही बरोबर नेणार आहे. त्यांचा ट्रेड एक वर्षाचा, त्यामुळे त्यांना कुठून आणि कसं पुढे जाता येईल ते तिथेच विचारायचं आहे.